आधी स्रोत, मग लेख: गोव्यातल्या वर्गातून विकिपीडियावर

विकिपीडियावर लिहिण्याचा स्वाध्याय बिघडतो तो बहुतेक वेळा पहिल्याच दिवशी, विषय वाटताना. खातं उघडणं, देवनागरी टंकन, संदर्भ जोडणं हे दोन-तीन तासिकांत शिकवता येतं. पण साठ मुलांच्या वर्गाला साठ नवे लेख लिहायला सांगितले आणि त्यातल्या चाळीस विषयांवर छापील पानभर मजकूरही कुठे नसला, तर पुढे कितीही कष्ट घेतले तरी ते लेख टिकत नाहीत. कोणीतरी स्वयंसेवक येऊन पान काढण्याचा साचा लावतो आणि विद्यार्थ्याला वाटतं, आपल्या मेहनतीवर बोळा फिरवला. दोष त्या मुलाचाही नसतो आणि स्वयंसेवकाचाही नसतो. यादी करताना ग्रंथालयात कोणी डोकावलंच नव्हतं, एवढंच.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे. तरी गोव्यातली गावं, नद्या, देवस्थानं, जत्रा, जुनी नियतकालिकं, कलावंत यांच्यावरचे कितीतरी लेख आजही चार-पाच ओळींतच आटोपतात. गोव्याबद्दल मराठीत शोधणाऱ्याच्या हाती बऱ्याचदा पर्यटन कंपन्यांचा मजकूर लागतो. समुद्रकिनारे, पार्ट्या, दोन चर्च आणि एक मंदिर, एवढाच गोवा त्यात असतो. ही पोकळी भरायला महाविद्यालयातली मुलं फार मोठं काम करू शकतात, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मात्र त्यांच्या मागे उभं राहणाऱ्या शिक्षकाला आपलं काम नेमकं माहीत हवं.

विषय देण्यापूर्वी शिक्षकाने स्वतः एक चाचणी घ्यावी. त्या विषयावर, त्या विषयाशी हितसंबंध नसलेले, प्रकाशित झालेले दोन स्रोत आपल्या हातात आहेत का? आणि प्रत्येकात त्यावर निदान पानभर सलग लिहिलेलं आहे का? यादीत आलेलं नाव किंवा बातमीत ओझरता झालेला उल्लेख धरायचा नाही. विकिपीडियावर याला उल्लेखनीयता म्हणतात. विषय महत्त्वाचा आहे असं आपल्याला वाटणं आणि तो महत्त्वाचा असल्याचं इतरांनी आधीच लिहून ठेवलेलं असणं, यातला फरक मुलांना इथेच समजावून सांगावा. आपल्या महाविद्यालयाचे संस्थापक, आपल्या गावचं मंडळ, वर्गमित्राच्या काकांचं नाटक पथक हे विषय या चाचणीत सहसा उतरत नाहीत. उतरले तरी हितसंबंधाचा प्रश्न उरतोच.

नव्या लेखाचा हट्ट सोडणं सगळ्यांत उपयोगाचं. आधीच असलेल्या चार ओळींच्या लेखात तीन परिच्छेद आणि पाच संदर्भ घालणं हे पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलाला झेपणारं काम आहे आणि ते टिकतंही. लेखाचं शीर्षक, वर्ग, इतर भाषांशी असलेले दुवे हे सगळं आधीच जागेवर असतं. मुलाचं लक्ष मजकुरावर राहतं.

गोव्यात विषयाची हद्द ठरवताना एक अडचण हटकून येते. एकाच नावाची अनेक गावं आहेत. केरी फोंडा तालुक्यात आहे, सत्तरीत आहे आणि पेडण्यात तेरेखोलच्या तोंडाशीही आहे. गायिका केसरबाई केरकर फोंड्याच्या केरीच्या. पण घाईत दुवा दिला तर वाचक समुद्रकिनाऱ्यावरच्या केरीला पोचतो. इंग्रजी आणि पोर्तुगीज कागदांत हेच नाव केरीम असंही लिहिलेलं सापडतं, म्हणून स्रोत शोधताना दोन्ही रूपं शोधावी लागतात. दुसरी गोष्ट तालुक्यांची. धारबांदोडा हा तालुका नंतर वेगळा झाला, त्यामुळे जुन्या पुस्तकांत तिथली गावं सांगेत दाखवलेली असतात. विद्यार्थी जुनं पुस्तक पाहून ‘सांगे’ लिहितो, दुसरा सरकारी संकेतस्थळ पाहून ‘धारबांदोडा’ करतो आणि दोघे एकमेकांचे बदल उलटवत बसतात. पुस्तकाचं वर्ष पाहायची सवय लावली की हा वाद मिटतो.

काही विषय पहिल्या खेपेला देऊ नयेत. राजभाषेचा वाद, गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का यावरचा १९६७ चा जनमत कौल, म्हादईचं पाणीवाटप, धर्मांतराचा इतिहास या पानांवर अनुभवी संपादकांतच खडाजंगी चालू असते. हे विषय महत्त्वाचे आहेत, म्हणूनच तिथे प्रत्येक वाक्य तोलून लिहावं लागतं. नवख्या विद्यार्थ्याने घातलेला परिच्छेद अर्ध्या तासात उडतो, तो परत घालतो, पुन्हा उडतो. इंग्रजी विकिपीडियावर एकाच पानावर चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवाउलटवी केली तर खात्यावर बंदी येऊ शकते. त्यापेक्षा खाजन जमिनी (खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेली शेतजमीन) आणि त्यांची मानशी (पाणी अडवण्या-सोडण्याचं दार), कावी कला (गेरूच्या रंगातली भित्तिकला), एखादी छोटी नदी, कोरगूट तांदूळ, एखादं बंद पडलेलं नियतकालिक असे विषय घ्यावेत. यांवर छापील मजकूर आहे, वाद कमी आहे आणि लिहिण्यासारखं भरपूर आहे.

आता स्रोत. पणजीत पाटो इथलं कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ मधलं, देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक. गोव्याबद्दलची मराठी, कोंकणी, पोर्तुगीज आणि इंग्रजी पुस्तकं एका छताखाली मिळायची ती हीच जागा. वर्गाची एक पूर्ण सकाळ तिथे ठेवावी, पण मुलांना नुसतं सोडून देऊ नये. ‘गोव्याचा इतिहास’ शोधायला गेलेला मुलगा रिकाम्या हाताने परततो. ‘खाजन बांध दुरुस्त करण्याची जबाबदारी कोणाची होती’ हे शोधायला गेलेला काहीतरी घेऊन येतो. ताळगाव पठारावर विद्यापीठाचं ग्रंथालय आणि पर्वरीला झेवियर इतिहास संशोधन केंद्र आहे. तिथे जाण्याआधी प्रवेशाचे नियम फोन करून विचारून घ्यावेत.

प्रत्येक विद्यार्थ्याकडून स्रोतचिठ्ठ्या लिहून घ्याव्यात. अर्ध्या पानाची एक चिठ्ठी: पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, वर्ष, पान क्रमांक, त्या पानाचा मोबाइलवर काढलेला फोटो आणि खाली त्या पानावरून कळलेल्या तीन गोष्टी, पुस्तक मिटून स्वतःच्या शब्दांत लिहिलेल्या. अशा पाच चिठ्ठ्या तपासून झाल्याशिवाय संगणकाला हात लावायचा नाही. हे जाचक वाटेल, पण पुढची निम्मी संकटं इथेच टळतात. पुस्तक मिटून लिहिलेलं वाक्य सहसा चोरीचं निघत नाही. उघडं पुस्तक शेजारी ठेवून लिहिलेलं वाक्य मात्र क्रियापद बदललेली नक्कलच ठरतं.

वर्तमानपत्रांच्या बाबतीत थोडं सावध राहावं लागतं. दैनिक गोमन्तक २४ मार्च १९६२ ला सुरू झाला. म्हणजे मुक्तीनंतरच्या गोव्याचा जवळजवळ सगळा काळ मराठी बातम्यांतून वाचता येतो. महाराष्ट्रातली जी दैनिकं गोवा आवृत्ती काढतात, त्यांच्या संदर्भात ‘गोवा आवृत्ती’ असं लिहावंच लागतं, नाहीतर पुण्याचा वाचक पुण्याच्या अंकात ते पान शोधत राहतो. ई-पेपरचे दुवे काही महिन्यांत मरतात. म्हणून दुवा देण्याच्या दिवशीच ते पान वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे संकेतस्थळांच्या प्रती साठवणाऱ्या संग्रहात, जतन करावं आणि संदर्भात दोन्ही दुवे द्यावेत. जुन्या पीडीएफमधून मजकूर उचलून पाहिला तर भलतीच अक्षरं उमटतात, कारण तो युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये जुळवलेला असतो. तिथे वाचून टंकावं लागतं, दुसरा मार्ग नाही.

देवस्थानच्या स्मरणिका गोव्यात घरोघरी असतात आणि विद्यार्थी त्याच आधी आणतात. त्या फेकून देऊ नयेत. जत्रेची तिथी, पालखीचा मार्ग, जीर्णोद्धाराचं वर्ष, महाजनांची (देवस्थानच्या हक्कदार घराण्यांची) रचना यांसाठी त्या चालतात. देवस्थान किती प्राचीन आहे, मूर्ती कोणत्या काळातली आहे, हे मात्र स्मरणिकेवरून लिहू नये. त्यासाठी पुरातत्त्व किंवा इतिहास विषयातलं प्रकाशन हवं. एकच स्रोत एका वाक्यासाठी चांगला आणि दुसऱ्यासाठी अपुरा असू शकतो, हे मुलांना स्मरणिकेइतकं चांगलं दुसरं काही शिकवत नाही.

आणि मग येतो तो सगळ्यांत अवघड प्रश्न. काणकोणची मुलगी म्हणते, धालोबद्दल, म्हणजे बायकांच्या रात्रीच्या गाण्या-नाचाबद्दल, माझ्या आजीला जे ठाऊक आहे ते कुठल्याच पुस्तकात नाही. ती खरंच बोलते आहे. मांडावर, म्हणजे धालो खेळायच्या ठरलेल्या जागी, कोण आधी येतं, कुठलं गीत कुठल्या रात्री म्हणतात, कुठल्या घराचा मान कुठला, हे ज्ञान गोव्यात माणसांत आहे, कागदावर फार थोडं उतरलं आहे. विकिपीडिया ते घेत नाही, कारण वाचकाला पडताळता येईल असं काहीच त्याच्यापाशी नसतं. या नियमाला वळसा घालायला शिकवू नये. आजीचं सांगणं एखाद्या पुस्तकाच्या नावावर खपवणं हा तर सरळ खोटेपणा. पण ‘तुझ्या आजीचं ज्ञान इथे चालत नाही’ एवढंच सांगून त्या मुलीला परत पाठवणं हीही शिक्षकाची हार आहे असं मला मनापासून वाटतं. त्या ज्ञानाला दुसरं घर द्यावं. विभागाच्या वार्षिकात मुलाखत छापावी. संपादित होऊन, तारीख-वार लावून छापलेली मुलाखत पुढच्या अभ्यासकाच्या उपयोगी पडते. ध्वनिमुद्रण करून विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या चित्र-ध्वनींच्या मुक्त भांडारात, चढवता येतं, पण गाणाऱ्या बायकांची लेखी संमती घेऊनच. गीत पारंपरिक असलं तरी ते गाणाऱ्यांचे सादरकर्ते म्हणून हक्क असतात आणि भारतीय कायद्यात ते ५० वर्षं टिकतात. ‘हे कोणीही, व्यवसायासाठीही, वापरू शकेल’ हे वाक्य त्यांना त्यांच्या भाषेत समजावून सांगावं आणि नको म्हणाल्या तर ध्वनिमुद्रण घरीच ठेवावं.

नक्कल हा विषय थोडक्यात आटपता येत नाही. २०११ मध्ये विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने पुण्यातल्या काही महाविद्यालयांत इंग्रजी विकिपीडियावर लेखन करवून घेण्याचा मोठा प्रयोग केला. त्याच वर्षी तो आवरता घ्यावा लागला, कारण विद्यार्थ्यांनी घातलेल्या मजकुरात पुस्तकांतून आणि संकेतस्थळांवरून जसंच्या तसं उचललेलं इतकं निघालं की स्वयंसेवकांना निस्तरणं अशक्य झालं. कारणं आजही तीच लागू पडतात. मुलं एकदम फार, मदतीला असलेल्यांचा स्वतःचा संपादनाचा अनुभव कमी, पाठ्यपुस्तकात उत्तर तयार मिळणारे विषय आणि सगळ्यांची एकच शेवटची तारीख. आपल्याकडे शाळेपासून पुस्तकातलं उत्तर शब्दशः लिहिलं की पूर्ण गुण मिळतात. त्या सवयीला एका तासाच्या व्याख्यानाने आळा बसत नाही. स्रोतचिठ्ठ्यांचा आग्रह याचसाठी.

मोफत वाचायला मिळणं आणि मुक्त परवान्याखाली असणं यांतला फरक गोव्यात दोन कोशांवरून छान दाखवता येतो. वाईचा मराठी विश्वकोश संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतो. त्यावरून माहिती घ्यावी, आपल्या शब्दांत लिहावी, नोंदीचा संदर्भ द्यावा. मजकूर तसाच उचलू नये. गोवा विद्यापीठाने आपला चार खंडांचा कोंकणी विश्वकोश मात्र २०१३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स या मुक्त परवान्याखाली खुला केला. त्यातल्या नोंदीचा मराठी अनुवाद करून विकिपीडियावर घालता येतो. श्रेय आणि परवाना नोंदवणं एवढीच अट. कोंकणी वाचणाऱ्या आणि मराठी लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना हे काम जितकं सहज जमेल तितकं क्वचितच दुसऱ्या कोणाला जमेल. गोव्यातल्या मराठी विभागांनी ते अंगावर घ्यावं असं मला फार वाटतं.

भाषेकडे येऊ. विद्यार्थ्याचं पहिलं वाक्य साधारण असं असतं: ‘निसर्गाच्या कुशीत वसलेले तांबडी सुर्ल येथील हे अतिप्राचीन मंदिर भाविकांचे श्रद्धास्थान असून प्रत्येकाने एकदा तरी भेट द्यावी असे आहे.’ हे शाळेतल्या निबंधाचं वाक्य आहे. त्यातून वाचकाला काय कळलं ते विचारावं. मंदिर जुनं आहे, एवढंच. मग एकेक शब्द सोलायचा. ‘अतिप्राचीन’ म्हणजे कधीचं? कदंबकाळातलं, काही स्रोतांत १२वं शतक, काहींत १३वं, तर दोन्ही द्यावीत आणि दोन्हींना संदर्भ जोडावा. कशाचं बांधलेलं? बेसाल्टचं. कुठे? भगवान महावीर अभयारण्याच्या परिसरात. ‘श्रद्धास्थान’ ऐवजी तिथे कोणता उत्सव होतो ते लिहावं. ‘भेट द्यावी’ पूर्ण काढावं. विश्वकोश कोणाला कुठे जायला सांगत नाही. वाक्य आता असं होतं: ‘तांबडी सुर्ल येथील महादेव मंदिर कदंबकाळातील असून ते बेसाल्ट दगडात बांधलेले आहे.’ रंग गेला असं मुलांना वाटतं. पण या वाक्यातला प्रत्येक शब्द कोणालाही तपासून पाहता येतो. एका तासिकेत फळ्यावर अशी पाच वाक्यं सोलली की वर्ग बदललेला दिसतो.

आता खात्यांच्या भानगडी. एका आयपी पत्त्यावरून चोवीस तासांत सहाच नवी खाती उघडता येतात. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतले सगळे संगणक बाहेरून एकच पत्ता दाखवतात, म्हणजे सातव्या विद्यार्थ्यापाशी तास थांबतो. म्हणून आठवडाभर आधी प्रत्येकाने घरून खातं उघडून यावं. मोबाइल कंपन्यांचे काही पत्ते आधीच्या खोडसाळांमुळे बंद केलेले असतात. तसं झालं तर घरच्या वायफायवरून करावं, आणि फोनमधलं व्हीपीएन आधी बंद करावं. खातं एका माणसाचं. महाविद्यालयाच्या किंवा गटाच्या नावाचं खातं चालत नाही. सदस्यनावात खरं नाव, अनुक्रमांक किंवा जन्मवर्ष घालू नये. कोणाचं खातं कोणतं याची यादी शिक्षकाने आपल्यापाशी ठेवावी. इंग्रजी विकिपीडियावर काम करणार असाल तर लक्षात ठेवा, खात्याला चार दिवस आणि दहा संपादनं झाल्याशिवाय तिथे नवा लेख थेट प्रसिद्ध करता येत नाही.

टंकनात ज्या गोष्टी अडवतात त्या बारीक असतात. मराठी विकिपीडियावर मजकुराच्या चौकटीतच अक्षरांतरण (रोमन कळांवरून देवनागरी) आणि इन्स्क्रिप्ट हा देवनागरी कळफलक मिळतो, आणि कंट्रोलसोबत एम दाबलं की ते चालू-बंद होतं. नवख्या खात्याने बाहेरचा दुवा असलेला संदर्भ घातला की कॅप्चा येतो. तो रोमन अक्षरांत भरायचा असतो आणि देवनागरी चालू राहिलेली असते, त्यामुळे मुलं चार-चार वेळा चुकतात आणि संकेतस्थळ बिघडलं म्हणून सोडून देतात. ‘ऱ्या’ संगणकात दोन रीतींनी साठवता येतो, ‘ॲ’चंही तसंच. डोळ्यांना काही फरक दिसत नाही, पण शीर्षक म्हणून ती दोन वेगळी पानं ठरतात. लेख नाही असं समजून नवा लिहायला घेण्यापूर्वी शीर्षक दोन-तीन रूपांत शोधून पाहावं आणि दुसऱ्या रूपावरून सापडलेल्या लेखाकडे पुनर्निर्देशन करावं, म्हणजे ते रूप शोधणारा वाचक आपोआप तिथे पोचतो.

मसुदा सदस्याच्या धूळपाटीवर, म्हणजे त्याच्या खात्याच्या सरावपानावर, लिहायचा. तिथून मुख्य लेखात नेताना हमखास होणारा घोटाळा असा: विद्यार्थी वाचायच्या पानावरून मजकूर उचलतो आणि लेखात डकवतो. संदर्भांचे आकडे मग नुसते कंसातले आकडे उरतात, त्यांच्या मागे काहीच नसतं. संपादन उघडूनच, एकेक परिच्छेद संदर्भासकट न्यावा. सगळा लेख एकदम न ओतता चार-पाच संपादनांत न्यावा आणि प्रत्येकाला सारांश द्यावा: ‘खाजन शेतीवर परिच्छेद, दोन संदर्भ’. असा सारांश पाहणारा स्वयंसेवक पटकन समजून घेतो. एखादं वाक्य खटकलं तर तो तेवढंच काढतो, बाकीचं राहू देतो. सगळं एकाच संपादनात असलं की सगळंच उलटवलं जातं.

छायाचित्रांसाठी गोव्याइतकं चांगलं क्षेत्र नाही, आणि चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, सुटीत तर गणपती येणाऱ्या घरात माटोळी (गणपतीच्या वर टांगलेली फळाफुलांची चौकट) असते. आंबाड्यांपासून कवंडळापर्यंत तिच्यात टांगलेल्या एकेका फळाचा वेगळा फोटो काढून आणायला सांगावं. स्थानिक नाव तालुक्यागणिक बदलतं, म्हणून शास्त्रीय नाव लिहिण्याआधी वनस्पतिशास्त्र विभागातून खात्री करून घ्यावी. फोटो मूळ फाइलमधूनच चढवावा. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोचा आकार घटतो, कॅमेऱ्याची नोंदही पुसली जाते, आणि कॉमन्सवर असा फोटो जालावरून उचललेला असावा अशी शंका घेतली जाते. घरातला फोटो असेल तर ठिकाणाची नोंद तेवढी काढून टाकावी. सार्वजनिक जागी कायम असलेल्या इमारती आणि पुतळे यांचे फोटो भारतीय कायद्याने चालतात, भिंतीवरची चित्रं चालत नाहीत. मारिओ मिरांडा यांची रेखाचित्रं गोव्यात भिंतींवर दिसतात. ते २०११ मध्ये वारले, प्रताधिकार मृत्यूनंतर ६० वर्षं, म्हणजे २०७१ संपेपर्यंत ती चढवता येणार नाहीत.

यंत्राने लिहिलेला मजकूर हा आताचा सगळ्यांत मोठा प्रश्न. गोव्यातल्या छोट्या गावाबद्दल विचारलं की यंत्र अतिशय सफाईदार मराठीत नसलेली जत्रा, नसलेला शिलालेख आणि नसलेलं पुस्तक रचून देतं. खोटं पुस्तक ओळखायची एक सोपी तपासणी आहे. तेरा अंकी आयएसबीएनमधले अंक ओळीने एकदा १ ने, एकदा ३ ने गुणायचे आणि बेरीज करायची. तिला १० ने पूर्ण भाग गेला नाही तर तो क्रमांक चुकीचा. भारतीय पुस्तकांचा क्रमांक बहुतेक ९७८-८१ किंवा ९७८-९३ ने सुरू होतो. मात्र गोव्यातल्या कितीतरी जुन्या मराठी पुस्तकांना आयएसबीएनच नाही, तो नसणं हा दोष नव्हे. खरी तपासणी पुन्हा त्या चिठ्ठीवरच्या फोटोची. पान समोर असेल तर पुस्तक आहे. इंग्रजी लेखाचा अनुवाद करणाऱ्यालाही हीच अट लावावी. मूळ लेखातला संदर्भ स्वतः उघडून न पाहता तो मराठीत आणायचा नाही, आणि मूळ लेखाचं श्रेय संपादन सारांशात लिहायचं.

गुण देण्याची पद्धत चुकली की वरचं सगळं वाया जातं. आउटरीच डॅशबोर्ड या वर्गाचं काम मोजणाऱ्या साधनावर कोणी किती बाइट घातले ते दिसतं आणि आयएसएचे, म्हणजे सत्रातल्या अंतर्गत मूल्यमापनाचे, गुण त्यावरून द्यायचा मोह होतो. देवनागरीतली प्रत्येक खूण तीन बाइट घेते. ‘गोवा’ एवढ्याचे बारा बाइट होतात. आकडा फुगलेला दिसतो आणि मुलंही मजकूर फुगवायला शिकतात. वीस गुण असतील तर मी आठ चिठ्ठ्यांना देईन, सहा मजकुराला, तीन दुसऱ्याच्या मसुद्यावर चर्चापानावर दिलेल्या अभिप्रायाला आणि तीन आलेल्या हरकतीला विद्यार्थ्याने कसं उत्तर दिलं त्याला. लेख टिकला की नाही याला गुण नाहीत. ते विद्यार्थ्याच्या हातात नसतं, आणि गुणांसाठी लेख वाचवू पाहणारी मुलं स्वयंसेवकांशी भांडू लागतात. तपासायचं ते पानाच्या संपादन-इतिहासात दिसणाऱ्या फरकांवरून. काढून टाकलेलं पान नंतर शिक्षकालाही दिसत नाही, म्हणून धूळपाटीवरची प्रत जपून ठेवायला सांगावी. एकदा घातलेला मजकूर कायमचा मुक्त होतो, परत घेता येत नाही; त्यामुळे कोणाला जाहीर लिहायचंच नसेल तर तोच लेख कागदावर घेऊन पूर्ण गुण द्यावेत.

वेळापत्रकात चवथ धरूनच चालावं. सत्र सुरू झाल्यापासून चवथीपर्यंत विषय, ग्रंथालय आणि चिठ्ठ्या. सुटीत फोटो. परत आल्यावर दोन आठवडे धूळपाटी, एक आठवडा एकमेकांचे मसुदे वाचणं, मग मुख्य लेखात स्थलांतर. हे स्थलांतर सत्रांत परीक्षेच्या निदान तीन आठवडे आधी झालं पाहिजे, कारण हरकती यायला आणि उत्तर द्यायला तेवढा वेळ लागतोच. सुरुवातीलाच चावडीवर, म्हणजे मराठी विकिपीडियाच्या सार्वजनिक चर्चेच्या पानावर, एक निवेदन टाकावं: कोणता वर्ग, किती विद्यार्थी, कोणते लेख, कधीपासून कधीपर्यंत, शिक्षकाचं सदस्यनाव. मराठी विकिपीडियावर नित्य काम करणारे लोक थोडे आहेत आणि तेही आपापले व्यवसाय सांभाळून. तीस अनोळखी खाती एका दुपारी अचानक उगवली की ते खोडसाळपणाच समजतात. आधी सांगितलं तर तेच लोक मदतीला येतात. हरकत आली की विद्यार्थ्याने चर्चापानावर नम्रपणे विचारावं, खाली ~~~~ टंकून सही करावी आणि दोन दिवस थांबावं. शिक्षकाने आपल्या खात्यावरून मध्ये पडू नये, पण सगळी पानं निरीक्षणसूचीत (निवडलेल्या पानांवरचे बदल दाखवणाऱ्या यादीत) ठेवून रोज नजर टाकावी. एका शिक्षकाला पंचवीस-तीस विद्यार्थ्यांपेक्षा जास्त जणांकडे असं लक्ष देता येत नाही. वर्ग मोठा असेल तर दोघा-तिघांना मिळून एक लेख द्यावा, संपादनं मात्र प्रत्येकाने आपल्या खात्यातून करावीत.

निकाल लागला की मुलं खातं विसरतात, ते ठीकच आहे. शिक्षकाने पानं निरीक्षणसूचीतून काढू नयेत. सहा महिन्यांनी एखादा संदर्भाचा दुवा मेलेला असतो किंवा कोणी हॉटेलची जाहिरात घातलेली असते. न वापरलेल्या स्रोतचिठ्ठ्या फायलीत पडून राहू देऊ नयेत. त्यांतला फोटो वगळून पुस्तकाचं नाव, पान क्रमांक, ते कोणत्या ग्रंथालयात मिळालं आणि त्यात काय आहे एवढं लेखाच्या चर्चापानावर ‘उपलब्ध स्रोत’ या मथळ्याखाली लिहून ठेवावं. पुढच्या वर्षीच्या वर्गाला विषय वाटताना ती यादी आधी उघडावी.